सात पिढ्यांचा प्रश्न आणि वाय गुणसूत्र

गेल्या काही वर्षांत आपल्या सभा-संमेलनांतून 'डीएनए' हा शब्द फार ऐकू येऊ लागला आहे. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरच्या सोहळ्यात पुस्तकांच्या दुकानांवरून नुसती एक फेरी मारली, तरी या विषयावरील दोन-चार पुस्तिका हाती लागतात. एक वक्ता सांगतो की, अमुक लोक परदेशी आहेत हे डीएनएने सिद्ध झाले. दुसऱ्या विचाराचा वक्ता दुसऱ्या व्यासपीठावरून तितक्याच ठासून सांगतो की, बाहेरून कोणी आलेच नाही, सगळे येथलेच, हेही डीएनएनेच सिद्ध झाले. दोघांनाही टाळ्या पडतात. मागच्या रांगेत बसलेला अकरावी-बारावीचा विद्यार्थी मात्र गोंधळतो. कारण एकाच विज्ञानाने दोन उलट गोष्टी सिद्ध कशा होतील?

दोन्ही बाजूंनी ज्या पुराव्याचा हवाला दिला जातो, त्यातील बराच भाग पुरुषाच्या वाय गुणसूत्राचा आहे, आणि त्यातही त्या गुणसूत्रावरील पुनरावृत्तीचा आहे. ही पुनरावृत्ती म्हणजे काय, ती मोजतात कशी, आणि तिच्यावरून काय सांगता येते व काय सांगता येत नाही, हे समजून घेऊनच टाळी वाजवावी असे मला वाटते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, विज्ञानाचा नव्हे. त्यामुळे जे वाचून नीट उमगले तेवढेच येथे साध्या भाषेत मांडले आहे.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. त्यांतील एक जोडी लिंग ठरवते. स्त्रीजवळ दोन एक्स असतात, पुरुषाजवळ एक एक्स आणि एक वाय. आईजवळ वाय नसतेच. म्हणजे मुलाला मिळालेले वाय हे वडिलांचेच असणार, वडिलांना ते आजोबांकडून मिळालेले, आजोबांना पणजोबांकडून. (तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी माणसे आपल्या वस्त्यांतून अजून संपलेली नाहीत. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावर ठरते, सुनेवर नव्हे, एवढे जरी या लेखातून घरोघरी पोचले तरी पुरे.)

बाकीची गुणसूत्रे पिढी बदलताना पत्त्यांसारखी पिसली जातात. आजोबांचे कोणते पान नातवाच्या हाती येईल याचा नेम नसतो. वाय मात्र दोन टोकांचा थोडासा भाग सोडला तर पिसले जात नाही. ते जसेच्या तसे, नकलून काढल्यासारखे, बापाकडून लेकाकडे जाते. म्हणूनच पितृवंशाचा शोध घेणाऱ्यांना ते सोयीचे वाटले.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर. ए, टी, जी आणि सी ही ती चार अक्षरे. वाय गुणसूत्रावर अशी सुमारे ६ कोटी २४ लाख अक्षरे आहेत. हा आकडा कळायला २०२३ साल उजाडावे लागले, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. मानवी डीएनएचे वाचन पूर्ण झाल्याची घोषणा २००३ सालीच झाली होती, पण त्या वेळी वाय गुणसूत्राचा अर्ध्याहून अधिक भाग कोराच राहिला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये जी संपूर्ण प्रत प्रसिद्ध झाली, तिच्यात ३ कोटींहून अधिक अक्षरे नव्याने भरली गेली. वीस वर्षे हे अडले ते पुनरावृत्तीमुळे. डीएनए वाचायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात आणि मग ते जुळवावे लागतात. एखाद्या फाटलेल्या वहीच्या प्रत्येक पानावर तीच ओळ शेकडो वेळा लिहिलेली असेल, तर कोणता कपटा कोठे जोडावा? तशी शास्त्रज्ञांची गत झाली होती. त्याच सुमारास जगाच्या निरनिराळ्या भागांतील ४३ पुरुषांची वाय गुणसूत्रे शेजारी ठेवून मोजली गेली, तेव्हा सर्वांत लहान ४ कोटी ५२ लाख अक्षरांचे आणि सर्वांत मोठे ८ कोटी ४९ लाख अक्षरांचे निघाले. जवळजवळ दुपटीचा फरक! आणि हे सगळे पुरुष आपल्यासारखेच चालते-बोलते, धडधाकट. हा फरक मुख्यतः पुनरावृत्तीच्या भागातला आहे. तो लांब असला काय किंवा आखूड असला काय, माणसाच्या माणूसपणात काही उणे-अधिक होत नाही.

वंशशोधासाठी मात्र एवढ्या लांब पुनरावृत्तीचा उपयोग करीत नाहीत. त्यासाठी छोटी पुनरावृत्ती घेतात. तीन-चार अक्षरांचा एक शब्द, आणि तोच शब्द ओळीने दहा, बारा, पंधरा वेळा. वंदना झाल्यावर आपण 'साधु, साधु, साधु' असे तीनदा म्हणतो. तिनाचे चार कधी होत नाहीत. पण हाच शब्द ओळीने चौदा वेळा लिहिलेला कागद एखाद्याला नकलून काढायला दिला, त्याची नक्कल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, तर कधी ना कधी कोणाची तरी नजर घसरेल आणि चौदाचे तेरा किंवा पंधरा होतील. मग त्याच्या पुढचे सगळे पंधराच नकलत राहतील. पेशीमध्ये डीएनएची नक्कल होताना नेमके हेच घडते. एका ठिकाणी असा बदल फार क्वचित होतो. बाप-लेकांच्या हजार जोड्या तपासल्या तर दोन-तीन जोड्यांत तो दिसतो.

वाय गुणसूत्रावरील अशी पहिली जागा १९९२ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. तिला 'डीवायएस १९' असे रुक्ष नाव आहे. त्यानंतर अशा शेकडो जागा सापडल्या. आज न्यायवैद्यक कामात १७, २३ किंवा २७ जागांचे आकडे एकदम काढतात. एका जागेचा आकडा १५ आला तर त्यावरून काहीच कळत नाही, कारण १५ आकड्याचे पुरुष जगात कोट्यवधी असतील. पण १५, २४, १०, १३ अशी सतरा आकड्यांची मालिका जुळवत गेले की ती जुळणारे पुरुष झपाट्याने कमी होतात. आम्ही बँकेतील माणसे खाते क्रमांकाकडे याच नजरेने बघतो. त्यातील एक अंक कोणाचाच नसतो. सगळे अंक मिळून एका खात्याचे होतात. फरक इतकाच की, बँकेचे खाते एका माणसाचे असते आणि वायवरचे खाते साऱ्या भाऊबंदकीचे संयुक्त खाते असते! बाप, मुलगे, काका, चुलतभाऊ या सर्वांची मालिका सहसा एकच.

आपल्या भागातील वाचकांना ही कल्पना अगदी परकी वाटू नये. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागणी आहे. सहा देवांच्या घरी जन्मलेला मुलगा सहा देवांचाच; हा आकडा बापाकडून येतो, आणि समान देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. निसर्गाने पुरुषाच्या पेशीत लिहिलेला आकडा आणि समाजाने ठरवलेला आकडा या अर्थात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण बापाकडून एक संख्या चालत यावी आणि तिच्यावरून भाऊबंद ओळखावेत, हा विचार या जंगलात प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीचा आहे.

येथे एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. डॉ. लालजी सिंग हे उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातले, खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा. काशीला शिकत असताना त्यांनी अभ्यासाला साप घेतला. पुढे एडिंबरोला काम करताना पट्टेरी मण्यार या सापाच्या मादीच्या डीएनएमधून त्यांनी पुनरावृत्तीचा एक भाग वेगळा काढला. पूर्व विदर्भाच्या जंगलात आढळणारी, अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेली मण्यार ती हीच. या भागात जीएटीए हा चार अक्षरी शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि तो सापाच्या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर दाटून असतो. मौज अशी की, तोच शब्द उंदरात शोधला तर नराच्या वाय गुणसूत्रावर दाटलेला सापडला, आणि माणसातही तो आहेच. 'डीवायएस १९' या जागी पुन्हा पुन्हा येणारा शब्द हाच, फक्त सुरुवात दुसऱ्या अक्षरापासून धरलेली. मण्यारीच्या या तुकड्याचा उपयोग करून डॉ. सिंग यांनी १९८८ च्या सुमारास हैदराबादच्या सीसीएमबी या केंद्रात माणसाची ओळख पटवण्याची स्वदेशी पद्धत उभी केली. इंग्लंडमध्ये अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली ती पद्धत प्रथम शोधली होती; आपण ती विकत न घेता स्वतःची केली. राजीव गांधी यांच्या हत्येनंतर १९९१ मध्ये मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी तीच कामी आली. डॉ. सिंग २०१७ साली वारले.

आता या आकड्यांचा उपयोग कसा होतो ते पाहू. बलात्काराच्या गुन्ह्यात जो नमुना मिळतो त्यात बहुतांश पेशी पीडित स्त्रीच्या असतात, आरोपीच्या फार थोड्या. नेहमीच्या तपासणीत तिचा डीएनए त्याच्या डीएनएला झाकून टाकतो. पण स्त्रीच्या पेशीत वाय नसते. त्यामुळे फक्त वायवरच्या जागा तपासल्या तर जे काही हाती लागते ते पुरुषाचेच. आरोपीची मालिका जुळली नाही तर तो सुटला, यात शंका राहत नाही. जुळली तर मात्र 'तो किंवा त्याचा पितृवंशातला कोणीतरी' एवढेच म्हणता येते. जुळणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

हे अंतर किती महत्त्वाचे आहे हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून कळते, आणि ते प्रकरण आपल्या मनाला भिडणारेही आहे. थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. सर्व माणसे समान आहेत असे जाहीर करणाऱ्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्राचा मसुदा त्यांच्या लेखणीतून उतरला. त्यांच्याच मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. त्यांत सॅली हेमिंग्ज ही स्त्री होती. तिची मुले जेफरसनची आहेत ही गोष्ट तिच्या वंशजांनी दोनशे वर्षे घरात जपली. इतिहासकारांनी मात्र बराच काळ ती उडवून लावली. गुलामाच्या तोंडच्या साक्षीला किंमत कोण देणार? १९९८ साली वाय गुणसूत्राची तपासणी झाली. जेफरसनचा औरस मुलगा जगला नव्हता, म्हणून त्याच्या सख्ख्या काकाच्या वंशातील पुरुषांचे रक्त घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन, त्याच्या वंशातील पुरुषाशी ते ताडून पाहिले. त्यात पुनरावृत्तीच्या अकरा छोट्या जागा होत्या. मालिका जुळली. इतिहासकार ज्यांच्यावर हे पितृत्व ढकलत होते, त्या जेफरसनच्या भाच्यांच्या वंशाशी ती जुळली नाही. त्याच तपासणीत दुसऱ्या एका कुटुंबाने सांगितलेला जेफरसनशी संबंध मात्र टिकला नाही.

तरीही वाय गुणसूत्राने 'थॉमस जेफरसन' हे नाव उच्चारलेले नाही. त्याला रँडॉल्फ नावाचा भाऊ होता, पुतणे होते; त्या सगळ्यांची मालिका एकच असणार. नाव ठरले ते इतर पुराव्यांवरून: मुलांच्या जन्माआधी नऊ महिने जेफरसन घरी होता की नव्हता याच्या नोंदी, सॅलीच्या मुलाचे निवेदन, त्या मुलांना मिळालेली मुक्तता. आकड्याने दार उघडले. आत शिरून शोधण्याचे काम कागदपत्रांनी केले.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. पाली त्रिपिटकातील मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. सोळा वर्षांचा हुशार ब्राह्मण तरुण अस्सलायन भगवंतांशी वाद घालायला येतो. विषय असा की, ब्राह्मण हाच जन्माने श्रेष्ठ वर्ण. भगवंत त्याला असित देवल ऋषीची जुनी कथा सांगतात. जन्माचा अभिमान धरणाऱ्या सात ऋषींना असिताने विचारले होते की, तुमची आई, तिची आई, अशी सात पिढ्यांपर्यंतची आजी ही ब्राह्मणाखेरीज कोणाजवळ गेली नव्हती हे तुम्हाला ठाऊक आहे काय? तोच प्रश्न वडिलांच्या बाजूनेही. ऋषींना 'ठाऊक नाही' असेच उत्तर द्यावे लागले. मग आपण कोण हे तुम्हाला कसे कळले, या प्रश्नावर ते निरुत्तर झाले.

आजचा प्रयोगशाळेतला माणूस कदाचित म्हणेल की, असिताच्या प्रश्नाचे उत्तर आता मिळते. मिळते काय? हिशेब करून पाहू. आपले आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांचे आई-वडील आठ. असे सातव्या पिढीपर्यंत मागे गेलो की त्या एका पिढीत १२८ जागा भरतात. त्या १२८ जणांपैकी वाय गुणसूत्र फक्त एकाचीच साक्ष देते: बापाच्या बापाच्या बापाच्या सरळ रेषेत बसलेल्या एका पुरुषाची. आईच्या आईच्या रेषेतील एका स्त्रीची साक्ष मायटोकॉंड्रियाच्या डीएनएवरून मिळते. उरलेले १२६ जण याबाबत मुके. दहाव्या पिढीत १०२४ जागा, आणि वायला ठाऊक असलेला माणूस पुन्हा एकच. एका वाय गुणसूत्रावरून 'आमचे रक्त' म्हणणे म्हणजे १२८ खातेदारांच्या वहीतील एका खात्याची शिल्लक वाचून सगळ्या शाखेचा ताळेबंद जाहीर करण्यासारखे आहे. कोणताही लेखापरीक्षक तो मान्य करणार नाही.

हे मनात धरून २००१ सालच्या त्या प्रसिद्ध संशोधनाकडे पाहिले पाहिजे, ज्याचा उल्लेख आपल्या व्यासपीठांवरून सर्वाधिक होतो. अमेरिकेतील मायकेल बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम जिल्ह्यातील आठ जातींच्या सुमारे २६५ पुरुषांचा डीएनए तपासला. वाय गुणसूत्रावरील पाच पुनरावृत्तीच्या जागाही त्यात होत्या. निष्कर्ष असा निघाला की, पितृवंशाच्या बाजूने या जातींचे साम्य युरोपीय लोकांशी अधिक दिसते, उच्च मानल्या गेलेल्या जातींत तर ते जास्तच. मातृवंशाच्या बाजूने मात्र सर्वांचे साम्य आशियाई लोकांशी. हे संशोधन खरे आहे, कोणी कल्पनेने रचलेले नाही. पण एका जिल्ह्यातील, आठ जातींतील पुरुषांच्या साम्याचे प्रमाण हा एक निष्कर्ष झाला. 'अमुक जात परदेशी' हे त्यावरून काढलेले भाषण झाले. संशोधनात प्रमाण कमी-जास्त होते. भाषणात त्याचे होय आणि नाही झाले.

दुसऱ्या बाजूचे भाषणही असेच तयार झाले, आणि त्याची कथा पुनरावृत्तीशी जास्तच निगडित आहे. एका शाखेतील पुरुषांच्या आकड्यांत किती फरक पडला आहे हे मोजून ती शाखा किती जुनी, याचा अंदाज करतात. जितका फरक जास्त तितकी शाखा जुनी. पण त्यासाठी फरक पडण्याचा वेग माहीत हवा. बाप-लेकांच्या जोड्या मोजून काढलेला वेग एक. दीर्घ काळात काही बदल मागे फिरतात, काही वंश खुंटतात, हे जमेस धरून काढलेला वेग त्याच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणजे घड्याळ तेच, पण काटा कोणता बघावा यावर वय तिप्पट होते. २००६ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या अभ्यासात संथ काट्याने मोजले गेले. उत्तर भारतात पुष्कळ आढळणाऱ्या 'आर१ए' या पितृवंशशाखेतील विविधता आर्यांच्या आगमनाच्या मानलेल्या काळापेक्षा कितीतरी जुनी आली. झाले! 'कोणी आलेच नाही' म्हणणाऱ्यांना आधार मिळाला. पुढे २०१६ साली १२४४ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचे, नुसत्या पुनरावृत्तीचे नव्हे तर अक्षरांचेच, वाचन झाले. तेव्हा दक्षिण आशियातील या शाखेचा विस्तार सुमारे ४००० ते ४५०० वर्षांपूर्वीचा ठरला. २०१९ साली प्राचीन हाडांतील डीएनएवरून मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील लोक इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात इकडे मिसळले, असे दिसून आले. आणि पुरोहित वर्गात त्यांचा अंश तुलनेने अधिक आहे असेही. म्हणजे 'कोणी आलेच नाही' हे टिकले नाही.

पण 'ते परके आणि आपण शुद्ध मूळचे' हेही टिकत नाही, आणि हे आपल्या लोकांना सांगायला थोडे धैर्य लागते. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ आणि हार्वर्डचे शास्त्रज्ञ यांनी मिळून दाखवून दिले की, मुख्य भूमीवरील बहुतेक सर्व समाज दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणाने झाले आहेत. एका प्रवाहाचा वाटा निरनिराळ्या समाजांत साधारण ३९ ते ७१ टक्के. शून्यही नाही आणि शंभरही नाही. 'आर१ए' शाखा आंध्रच्या जंगलातील चेंचू या आदिवासींतही आढळली आहे. याच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ७३ समाजगटांवरून मिश्रणाचा काळ काढला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्वदूर मिश्रण चालू होते. त्यानंतर ते थांबत गेले आणि ज्याने त्याने आपल्या जातीतच लग्न करण्याची पद्धत घट्ट झाली.

आता एक तारीख आठवा. ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. भारतातले लोक निरनिराळ्या मानववंशांचे मिश्रण आहेत हे त्यांनी तेथेच मान्य केले होते, आणि जातीचे मर्म वंशात नसून स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे असे मांडले होते. बहिर्विवाहाच्या जुन्या समाजावर हे बंधन नंतर लादले गेले, हा त्यांचा सिद्धांत. डीएनएची रचना उलगडण्याच्या ३७ वर्षे आधी, नुसत्या समाजनिरीक्षणावरून आणि तर्कावरून! १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात त्यांनी आर्य आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. त्यातील बाहेरून कोणी आल्या-गेल्याचा भाग नव्या संशोधनाने दुरुस्त करावा लागतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बाबासाहेबांना पोथीनिष्ठ अनुयायी नकोच होते. पण १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे तक्ते समोर ठेवून त्यांनी जो मुद्दा सिद्ध केला, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश नाहीत आणि अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, तो आजच्या मिश्रणाच्या आकड्यांपुढेही उभा आहे. त्याच ग्रंथात मराठे आणि महार यांच्या कुळांतील साम्याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. जो वक्ता बाबासाहेबांचे नाव घेऊन रक्तावरून माणसे वाटतो, त्याने हा ग्रंथ पुन्हा उघडून पाहावा.

कुळाचा विषय निघालाच आहे तर आपल्याच परिसराकडे पाहू. 'मेश्राम' हे आडनाव आपल्या बौद्ध समाजात भरपूर आहे. तेच गोंडांतही आहे. लगतच्या आदिलाबाद जिल्ह्यात केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, ती भरवणारे गोंड मेश्राम कुळातलेच. आडनाव एक म्हणून पितृवंश एक, असे कोणी मानू नये. आडनावे गावावरून पडतात, धंद्यावरून पडतात, शेजारून येतात. पण हाच तो प्रश्न आहे जो वायच्या आकड्यांनी तपासता येण्यासारखा आहे, कारण तो दोन पितृवंशांच्या तुलनेचा प्रश्न आहे.

भाषेवरूनही रक्त ठरत नाही, याचे उदाहरण गोंडच आहेत. गोंडी भाषा द्राविडी कुळातली, तेलुगू-कन्नडची नातलग. २०१७ साली गोंडांच्या डीएनएचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे साम्य इतर द्राविडी भाषकांपेक्षा मुंडा भाषा बोलणाऱ्या आदिवासींशी अधिक दिसले. मेळघाटातील कोरकू भाषा त्याच मुंडा गटातली. आणि मुंडा भाषकांची गोष्ट याहून बोधक आहे: त्यांच्या पितृवंशातील मोठा भाग आग्नेय आशियातून आलेला, मातृवंश जवळजवळ सगळा भारतीय. कोणी फक्त वाय तपासले असते तर त्यांना परदेशी ठरवले असते, फक्त आईची बाजू तपासली असती तर मूळनिवासी. माणसे तीच!

अलीकडे काही खासगी कंपन्या थुंकीचा नमुना मागवून घरपोच वंशावळ पाठवतात. पुरुषाला त्यात वायची शाखा लिहून मिळते. कुतूहल म्हणून कोणी करावे, त्यात गैर नाही. पण त्या कागदावर जात लिहिलेली नसते, धर्म लिहिलेला नसतो, आणि शाखेचे नाव कोणतेही आले तरी ते १२८ पैकी एकाचे. बाप-लेकांचे आकडे अशा तपासणीत जुळले नाहीत तर घरात जे वादळ उठते, त्याचाही विचार आधी करावा. विज्ञानाचा अहवाल आल्यावर तो परत पाठवता येत नाही.

आपल्या तरुणांनी वेळ आणि पैसा खर्च करून आपला डीएनए तपासायचाच असेल, तर वायपेक्षा अकराव्या गुणसूत्राकडे पाहण्याची आपल्या जिल्ह्यांना अधिक गरज आहे. सिकलसेलचा दोष तेथे असतो. पूर्व विदर्भात तो गोंड-माडियांत आहे, बौद्धांत आहे, इतरही समाजांत आहे. भारतात तो ज्या डीएनएच्या पार्श्वभूमीवर आढळतो ती बहुतेक ठिकाणी एकच आहे. आदिवासी असो की बिगर-आदिवासी, मूळ दोष एकाच पूर्वजाचा असावा असे त्यावरून दिसते. हिवतापाच्या जंगलात ज्याच्याजवळ या दोषाची एकच प्रत होती तो तगला, म्हणून दोष टिकला. हे गुणसूत्र बापाकडून जसे येते तसे आईकडूनही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक अशी शक्यता असते की, मूल दोन्ही प्रती घेऊन जन्मेल आणि आयुष्यभर वेदना सोशील. रक्ताच्या थेंबावर होणारी ही तपासणी सरकारी रुग्णालयांत होते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारनेही यासाठी स्वतंत्र अभियान सुरू केले आहे. आपल्या संस्थेचे वधू-वर मेळावे होतात, त्यांच्या नोंदणी अर्जात कुळ, आडनाव, शिक्षण, नोकरी असे रकाने आहेत. त्यांत सिकलसेल तपासणीचा एक रकाना वाढवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे या लेखाच्या निमित्ताने करीत आहे.